विलायतीला इतिहास, मोहाला पंचनामा

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. चहाच.)

परवा रविवारी भाच्याने जबरदस्तीने एका कार्यक्रमाला नेलं. "मावशी, दारूच्या इतिहासावर आहे, धमाल असते, चल." तिकीट ४९९ रुपये. म्हटलं, बाप्पा, एवढ्यात तर लोकं खरीच पिऊन येतात. तो म्हणाला, तिथं प्यायला मिळत नाही, फक्त ऐकायला मिळते. गेले.

आधीच सांगते, कार्यक्रम चांगला होता. नागपुरात रविवारी संध्याकाळी हॉल भरणं सोपं नाही, पण हॉल भरला होता आणि निम्म्या बाया होत्या. स्टेजवर एक तिशी-पस्तिशीचा पोरगा, टेबलावर रांगेने ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या, मागे पडदा आणि कोपऱ्यात कीबोर्ड वाजवणारा एक जण. मध्यंतरात छोट्या काचेच्या ग्लासात कोकम सरबत दिलं, तेही "चिअर्स" म्हणून. दोन तास कसे गेले कळलं नाही. अभ्यास केलेला होता हे जाणवत होतं.

सुरुवात केली ती थेट सुमेरपासून. निंकासी नावाची त्यांची बिअरची देवी आणि सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर लिहिलेलं तिचं स्तोत्र. स्तोत्र म्हणजे काय, तर बिअर कशी करायची त्याची जवळजवळ कृतीच. मग पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना रोजच्या शिध्यात भाकरीबरोबर बिअर मिळायची ते. मग आपल्याकडचा कौटिल्य. अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. गुत्त्यात बसायला खोल्या, आसनं, फुलं, सुगंध, आणि कोण गिऱ्हाईक ऐपतीपेक्षा जास्त पैसे उडवतो यावर नजर ठेवायला सरकारी हेर. "म्हणजे सीसीटीव्ही तेव्हापासून आहे," असं तो म्हणाला आणि हॉल कोसळला.

शुक्राचार्यांची गोष्ट तर त्याने फार रंगवली. असुरांनी कचाला मारून, जाळून त्याची राख मद्यात मिसळली आणि गुरुजींना पाजली. गुरुजी प्यायले. पोटातून शिष्य बोलायला लागला तेव्हा कुठे कळलं. मग संतापून त्यांनी मद्यालाच शाप देऊन टाकला. हँगओव्हरमधून निघालेली जगातली पहिली दारूबंदी, असं त्याचं म्हणणं. १५२७ साली खानव्याच्या लढाईआधी बाबराने दारू सोडली, सोन्या-चांदीचे पेले फोडून गरिबांना वाटले, आणि त्याचा पणतू जहांगीर एका काळी दिवसाला वीस प्याले रिचवायचा, हेही होतं.

एक जागा अशी होती की हॉल एकदम शांत झाला. कसौलीच्या जुन्या ब्रुअरीची गंमतजंमत सांगत, ओल्ड मंकपर्यंत येत, त्याने सहज सांगितलं की ती ब्रुअरी काढणारा एडवर्ड डायर म्हणजे जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप. आणि पुढे काहीच बोलला नाही. पाणी प्यायला. तेव्हा वाटलं, या पोराला कळतं कुठे थांबायचं ते.

सगळ्यात जास्त हशा पडला तो लंडनच्या जिनवर. अठराव्या शतकात तिथला गरीब माणूस स्वस्त जिनने पार बुडाला होता. १७३६ साली सरकारने कायदा केला: विकायची असेल तर ५० पौंडांचा परवाना घ्या. परवाने घेतले अगदी बोटांवर मोजण्याइतक्यांनी, आणि शहरभर चोरून विक्री. एका बहाद्दराने तर भिंतीला लाकडी मांजर ठोकलं. मांजराच्या तोंडात नाणं टाकायचं, हळूच "जिन" मागायची, आणि पंजाखालच्या नळीतून जिन यायची. आतला माणूस दिसत नाही, त्यामुळे धरायचं कुणाला? शेवटी १७४३ साली कायदा गुंडाळावा लागला. त्यानंतर अमेरिकेची दारूबंदी, १९२० ते १९३३. तिथे डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर व्हिस्की लिहून द्यायचे. लोक पोट धरून हसत होते. मीही.

आणि मग शेवटी, बाकी सगळं झाल्यावर, पडद्यावर मोहाच्या फुलांचा फोटो आला. "आणि हे आपलं लोकल!" मोह पिऊन माणसाला वाघ मांजरासारखा दिसतो, ताडोब्याला जाताना जपून, असा एक विनोद. हातभट्टीवर एक. फोटो गेला, टाळ्या, धन्यवाद, सेल्फी.

मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण एक मिनिटही झालं नसेल.

त्या विनोदालाही मी हसले, खोटं कायले बोलू? गाडीत बसल्यावर टोचायला लागलं. भाचा म्हणे, मावशी तू गप्प काहून? म्हटलं, लंडनच्या मांजराला दहा मिनिटं आणि मोहाला एक मिनिट नाही. तेही नागपुरात! इथून दोन-तीन तास गाडी हाकली तर ज्या गावांत पोहोचतो, तिथं लग्न, बारसं, मयत, देवकार्य काहीच मोहाशिवाय होत नाही.

माझं बालपण भद्रावती तालुक्यात मामाच्या गावी गेलं. मार्च-एप्रिलात पहाटे, ऊन चढायच्या आत, टोपल्या घेऊन मोहाखाली जायचं. फुलं रात्रीतून टपटप पडतात, खालचा पाला आधीच झाडून ठेवलेला असतो. ताजं फूल फिकट पिवळं, रसाने भरलेलं आणि खाल्लं तर गोड मिट्ट. वाळलं की मनुक्यासारखं होते. ते भाजून, कुटून, तिळात घालून लाडू करतात. अडीनडीच्या वर्षी त्यावर पोट भरतात. फळातल्या बियांचं तेल निघते. आणि हो, फुलं भिजवून, सडवून, मडक्यावर मडकं ठेवून दारूही काढतात. हे सगळं एकाच झाडाचं. पण शहरातल्या माणसाला त्या झाडाचं एकच काम ठाऊक आहे, कारण पेपरात तेवढंच येते: "५०० लिटर मोह सडवा नष्ट." कोणत्याही आठवड्याचा चंद्रपूर-गडचिरोलीचा पेपर उघडा, सापडेल.

आता या फुलाचा कायद्याशी झगडा कसा सुरू झाला ते पाहा. दारूची नीट व्यवस्था, म्हणजे वसुली, लावायला इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा केला. ताडाच्या झाडावर कर, भट्टीवर मक्ता. पण रानात फुकट पडणाऱ्या फुलाचं काय करायचं? आदिवासी माणूस घरी काढून पिणार, तर सरकारी दुकानातली कोण घेणार? म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. फुलं गोळा करण्यावर, ठेवण्यावरच बंधन. आणि गंमत ही की सरकारमान्य दारू ज्या उरणच्या भट्ट्यांतून यायची, तिथेही दारू याच मोहाची गाळत होते. म्हणजे फूल तेच, नशा तीच, फक्त शिक्का असला की महसूल आणि नसला की गुन्हा.

आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो, आपले कायदे वेगळे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्यालाही लागला. इंग्रज गेले, पण मोहफुलं किती ठेवायची आणि कुठं न्यायची यावरची बंधनं त्या कायद्याखालीही राहिली. आता गेल्या काही वर्षांत त्यातली बरीच सैल झाली, चांगलं झालं. पण मधल्या काळात टोपलीभर फुलांसाठी माणसांनी शिपायासमोर हात जोडलेले मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत.

याच कायद्यातली दुसरी गंमत तर स्टेजवर तयार विनोद आहे, त्या पोराने उचलला कसा नाही याचं नवल वाटते. महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो. "परमिट रूम" हा शब्द त्यातूनच आला ना! आणि परवान्याच्या अर्जात तुम्ही काय कबूल करता? की मला माझी प्रकृती सांभाळण्यासाठी मद्याची गरज आहे. अमेरिकेतल्या प्रिस्क्रिप्शनवर हसणाऱ्या त्या हॉलमधल्या किती जणांच्या खिशात परवाना होता? एक दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विलायतीला पाच. आपण सगळे कागदोपत्री औषध घेतो आहोत राजेहो!

आणि लाकडी मांजर? ते तर आपल्या चंद्रपुरात सहा वर्षं होतं.

१ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली. वर्धा जिल्ह्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरची उठली ती मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. कारण काय दिलं? अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले. म्हणजे लंडनमध्ये १७४३ साली जे झालं ते आपण २०२१ साली केलं. तेव्हाच्या बातम्या आठवा, भाजीच्या गाडीतून काय आणि दुधाच्या कॅनमधून काय. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथल्या दुकानांसमोर संध्याकाळी चंद्रपूर पासिंगच्या मोटारसायकलींची रांग. याच्यावर हसता येते, मीही हसते. पण याचा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

दुसरा भाग म्हणजे माझी मामी.

मामा खाणीत कामाला होता. पगाराचा दिवस म्हणजे आमच्या घरी भीतीचा दिवस. मामी पोरांना घेऊन शेजारी जाऊन बसायची. मामा मोहाची प्यायचा नाही, त्याला ती गावंढळ वाटायची. तो दुकानातली प्यायचा, सरकारी शिक्क्याची, कर भरलेली, कायदेशीर. २०१३ साली लिव्हरने गेला. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१० च्या डिसेंबरात, चिमूरवरून नागपूरला विधानसभेवर दारूबंदीसाठी बायांची पदयात्रा निघाली होती. श्रमिक एल्गार संघटना आणि पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. हजारो बाया थंडीत पायी चालत आल्या. त्यात मामी होती. पायात प्लास्टिकची चप्पल, डोक्यावर गाठोडं. आयुष्यात त्याआधी ती नागपूरला एकदाच आली होती, तेही मामाला दवाखान्यात दाखवायला.

मी मामीला नंतर विचारलं होतं, बंदी लागली तर गावात मोहाची पण बंद होईल, देवाला काय वाहशील? ती म्हणाली, "देवाले थेंबभर लागते व बाई. दुकान रोज लागते."

बंदी हवी की नको यावर शेकडो लेख वाचले, पण या दोन वाक्यांएवढं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. पेसा कायदा १९९६ पासून तेच म्हणतो, की अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांबद्दल ठरवायचा अधिकार ग्रामसभेला आणि गौण वनोपजावर मालकीही ग्रामसभेची. म्हणजे किती काढायची, कधी काढायची, विकायची की नाही, हे गावाने ठरवायचं. प्रत्यक्षात ठरवते कोण? उत्पादन शुल्क खातं. आणि दुकानाची जागा ठरवते ती निविदा.

माझा मुद्दा मोहाला डोक्यावर घ्या असा नाही. दारू ती दारूच, मामीसमोर मी वेगळं बोलायची हिंमत करणार नाही. मुद्दा एवढाच आहे की कुणाच्या दारूला इतिहास मिळतो आणि कुणाच्या दारूला पंचनामा. स्कॉटलंडमध्ये शेतकरी डोंगरात चोरून गाळायचे, आज त्याची सहल निघते आणि आपण तिकीट काढून पाहतो. गोव्याने काजूच्या फेणीसाठी २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसा पेय केलं. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणायचं ठरवलं. फूल तेच आहे. बालाघाटचा मोह वारसा आणि सीमेच्या अलीकडे गोंदियाचा मोह सडवा! इकडे आपल्या सरकारने २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला तो शेतकऱ्याच्या नावाने. द्राक्षवाला शेतकरी आठवला, ठीक आहे. मोह वेचणारी बाई कुणाच्या यादीत आहे?

आता त्या पोराबद्दल. कार्यक्रमाच्या पोस्टरखाली काही मंडळींनी लिहिलं होतं की असले कार्यक्रम बंद करा, संस्कृती बुडते. त्यांना नम्रपणे सांगते, आपल्या मराठी माणसाने स्टेजवर दारू सगळ्यात जास्त पाहिली आहे. गडकऱ्यांचं "एकच प्याला" म्हणजे दुसरं काय? तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळावर आपले पणजोबा पोट धरून हसले आणि त्याच नाटकात सिंधूसाठी रडले. एकाच तिकिटात दोन्ही. गाडगेबाबांची कीर्तनं घ्या. त्यांचे वडील दारूपायी गेले. घरच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण घालायचं त्यांनी नाकारलं. आणि तोच माणूस कीर्तनात समोरच्याला असे प्रश्न विचारायचा की लोक हसता हसता खाली माना घालायचे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं माहेर. त्यात दारुड्याचं पात्र आलं की मंडप डोक्यावर घेतात, आणि त्याच मंडपात मागच्या बाजूला खरा दारुडा बायकोशेजारी बसलेला असतो. म्हणून बंद वगैरे काही करायचं नाही. हसवणं हे कमी दर्जाचं काम नाही.

उलट माझी तक्रार अशी की तो पुरेसं हसवत नाही. त्याच्याकडे माल आहे, तो वापरत नाही. प्रकृतीसाठीचा परवाना आहे, उरणची भट्टी आहे, चंद्रपूरची सहा वर्षं आहेत. पुण्याच्या नगरपालिकेत बसून दारूच्या दुकानांना विरोध करणारे जोतीराव फुले आहेत. १९०८ साली पुण्यातच दुकानांसमोर टिळकांच्या लोकांनी केलेली निदर्शनं आहेत. म्हणजे एरवी एका बाकावर न बसणारी माणसं या एका प्रश्नावर एका बाजूला! याच्यावर त्याच्यासारखा हुशार पोरगा काय करेल? डायरच्या जागी तो थांबला तसा मोहाच्या जागी एकदा थांबला असता, तर ४९९ मधले वरचे नव्व्याण्णव मी आनंदाने दुसऱ्यांदा दिले असते.

कार्यक्रम संपल्यावर सेल्फीच्या रांगेत मी उभी राहिले. भाच्याला वाटलं, मावशी बिघडली. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, छान केलंस, पण मोहाचं एवढंच? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकू, त्यावर इंटरनेटवर फार काही मिळत नाही." राग आला नाही मला. खरंच आहे ते, लंडनच्या मांजरावर पुस्तकं आहेत. मोहावरचं जे आहे ते मामीच्या तोंडात आहे, नाहीतर ठाण्याच्या डायरीत. त्याला म्हटलं, मार्चच्या शेवटी ये, पहाटे पाचला उठावं लागेल, झाडाखाली नेते. नंबर घेतला त्याने. येईल की नाही, पाहू.

रात्री मामीला फोन केला. आता पंचाहत्तरीची आहे, ऐकायला कमी येते, म्हणून ओरडून ओरडून सगळा कार्यक्रम सांगितला. निंकासी तिला कळली नाही. मांजर फार आवडलं, दोनदा सांगायला लावलं. शुक्राचार्यांची गोष्ट तिला कीर्तनातून ठाऊक होती. शेवटी विचारलं, मामी, मग त्या दारूचा इतिहास सांगायला तुला बोलावलं स्टेजवर, तर येशील?

"येईन नाही तर! पण किती तिकीट म्हणतं?"

चारशे नव्व्याण्णव.

"मंग मायाइथून घे म्हणा त्या पोराले. तुया मामाचे पगाराचे कागद आजून पेटीत हाय. किती आले, किती घरी आले, समदं लिहून ठेवलं हाय म्या."